मोसमकाठची जीवशास्त्र प्रयोगशाळा

महात्मा गांधी विद्यामंदिर १९५२ मध्ये मालेगावी स्थापन झाले. २०२७ मध्ये संस्थेला ७५ वर्षे पूर्ण होतील. अमृतमहोत्सवाच्या उंबरठ्यावर इमारती, शाखा, पदाधिकारी यांचा इतिहास लिहिला जाईल, तो लिहिलाही पाहिजे. या लेखात मात्र एकाच धाग्याचा मागोवा घ्यायचा आहे. पदवीच्या विद्यार्थ्याला वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकवण्याचे काम कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात कसे रुजले आणि बागलाण तालुक्यातल्या नामपूरसारख्या बाजारपेठेच्या गावात सूक्ष्मदर्शकापर्यंत मुले कशी पोहोचली, हा तो धागा. आमच्या मते जीवशास्त्र शिकायला बागलाणाइतकी चांगली जागा क्वचितच मिळेल. हे गावच्या अभिमानापोटी म्हटलेले नाही. त्याची कारणे पुढे येतीलच.

पन्नाशीचे दशक: पाया

त्या काळी नाशिक जिल्ह्यात उच्च शिक्षण म्हणजे नाशिक शहर. गोखले एज्युकेशन सोसायटीचे हंप्राठा महाविद्यालय १९२४ पासून होते, पण बागलाण-मालेगावकडच्या शेतकऱ्याच्या मुलाला नाशिकला खोली घेऊन राहणे परवडत नव्हते. १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले, डॉ. मु. रा. जयकर पहिले कुलगुरू झाले आणि जिल्ह्यातली महाविद्यालये मुंबईऐवजी पुण्याशी जोडली गेली. पुण्यात जीवशास्त्राला चांगले दिवस येत होते. कलकत्ता विद्यापीठातून निवृत्त झालेल्या डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची उभारणी हाती घेतली होती आणि विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला डॉ. त्र्यं. शं. महाबळे यांच्यासारखे अभ्यासक लाभले होते. आघारकर मूळचे मालवणचे. सह्याद्रीतल्या गोड्या पाण्यात त्यांना जेलीफिश सापडला होता. आपल्या डोंगरातल्या पाण्यात जगाला माहीत नसलेले काही असू शकते, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण नाही.

मालेगाव तालुक्यातल्या निमगावचे भाऊसाहेब हिरे त्या वेळी मुंबई राज्याच्या राजकारणात अग्रभागी होते. महसूलमंत्री म्हणून कुळांच्या जमिनीचा प्रश्न त्यांनी हाताळला. कसणाऱ्याला जमीन मिळाली तरी त्याच्या मुलाला शाळा नसेल तर अर्धेच काम झाले, ही जाण संस्थेच्या मुळाशी होती. भाऊसाहेबांबरोबर मालेगाव परिसरातले वकील, व्यापारी, शिक्षक आणि बागायतदार उभे राहिले. कोणी जागा दिली, कोणी धान्य, कोणी आपला वेळ. सगळ्यांची नावे इथे देता येणार नाहीत. पण ही संस्था एकट्याच्या खांद्यावर उभी राहिलेली नाही, एवढे ठामपणे लिहून ठेवतो.

साठीचे दशक: मालेगावची पहिली प्रयोगशाळा

१९५९ मध्ये मालेगाव कॅम्पात महाराजा सयाजीराव गायकवाड महाविद्यालय सुरू झाले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र राज्य आले आणि १९६१ मध्ये भाऊसाहेब गेले. संस्थापक गेल्यावर अनेक संस्था खचतात. ही संस्था सावरली. त्यांचे कुटुंबीय, सहकारी आणि सेवक यांनी ती पुढे नेली. आर्थिकदृष्ट्या मागास मुलांसाठीच्या ई.बी.सी. सवलतीमुळे फी भरू न शकणारी मुलेही वर्गात येऊ लागली.

कला शाखेचा वर्ग फळा, बाके आणि एक चांगला शिक्षक यांवर चालतो. विज्ञानाचे तसे नसते. रसायनशास्त्राला गॅस आणि पाण्याचे नळ लागतात. जीवशास्त्राला त्याशिवाय सूक्ष्मदर्शक, मेणाचे ट्रे, काचेच्या बरण्या, फॉर्मॅलिन, रंगद्रव्ये, हर्बेरियमची कपाटे आणि दर हंगामात ताजे साहित्य लागते. रसायनाची बाटली वर्षभर टिकते, बेडूक टिकत नाही. म्हणून विज्ञानाची शाखा चालवायला घेणे म्हणजे दरवर्षी नव्याने खर्च करायला तयार होणे. संस्थेने ही तयारी दाखवली, त्यामुळेच पुढे लहान गावांत विज्ञान नेणे शक्य झाले.

सत्तरीचे दशक: आकृतिबंध बदलला

१९७२ च्या दुष्काळाने बागलाणचीही परीक्षा पाहिली. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळांवर त्याचा खरा परिणाम दिसायला मात्र अनेक वर्षे जावी लागली. मधल्या काळात दहा-अधिक-दोन-अधिक-तीन हा आकृतिबंध आला. १९७५ मध्ये नव्या पद्धतीची पहिली दहावी आणि १९७७ मध्ये पहिली बारावी झाली. प्री-डिग्री आणि इंटर सायन्स ही नावे मागे पडून एफ.वाय., एस.वाय., टी.वाय. बी.एस्सी. हा क्रम रूढ झाला.

जीवशास्त्राच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा होता. कनिष्ठ महाविद्यालये गावोगावी निघाल्यामुळे अकरावी-बारावीची मुले आपल्याच गावात बेडकाचे अवयव ओळखू लागली आणि फुलाचा उभा छेद घेऊ लागली. एकदा प्रयोगशाळेची गोडी लागली की बारावीनंतर थांबणे अवघड जाते. पदवीचे वर्गही जवळ हवेत, ही मागणी तालुक्यांतून जोर धरू लागली.

ऐंशीचे दशक: काम तालुक्याच्या पलीकडे

संस्थेची महाविद्यालये मालेगाव, मनमाड, नाशिकची पंचवटी अशा ठिकाणी उभी राहिली. नामपूरचे समाजश्री प्रशांतदादा हिरे कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय याच प्रवाहातले. नामपूर हे तालुक्याचे गाव नाही, ते मोसम नदीकाठचे बाजारपेठेचे गाव आहे. सह्याद्रीत उगम पावून हरणबारी धरणातून पुढे येणारी मोसम नामपूरवरून मालेगावकडे जाते आणि तिथे गिरणेला मिळते. मातृसंस्था आणि नामपूरचे महाविद्यालय एकाच नदीने जोडलेले आहे, ही गोष्ट आम्हाला मोलाची वाटते.

या काळातल्या ग्रामीण महाविद्यालयाची जीवशास्त्र प्रयोगशाळा ज्यांनी पाहिली, त्यांना तिचा वास अजून आठवत असेल. फॉर्मॅलिन, झायलॉल आणि ओल्या लाकडी बाकांचा तो एकत्र वास. भिंतीला लागून कपाटे, कपाटांत बरण्या, बरण्यांत स्टारफिश, ऑक्टोपस, समुद्रघोडा आणि गोम. समुद्र कधीही न पाहिलेल्या मुलांना मुंबईच्या किनाऱ्यावरचा लहान शार्क, स्कॉलिओडॉन, याच बरण्यांत भेटला. सूक्ष्मदर्शक बहुधा अंबाल्याहून आलेले आणि आरशाचे. खिडकीकडे तोंड करून बसायचे, अंतर्गोल आरसा फिरवत उजेड पकडायचा आणि ढग आले की थांबायचे. पावसाळ्यात प्रॅक्टिकलची बॅच लांबत जायची.

प्रयोगशाळा परिचरांबद्दल इथे लिहिलेच पाहिजे. सकाळी सर्वांत आधी येणारे आणि शेवटची काचपट्टी धुऊन जाणारे तेच. सॅफ्रॅनिन किती पातळ करायचे, कोणत्या बरणीचे झाकण मेणाने बंद करायचे, कोणता सूक्ष्मदर्शक हाय पॉवरवर अडतो, हे त्यांना तोंडपाठ असते. नव्या प्राध्यापकाला पहिल्या वर्षी सांभाळून घेणारेही तेच. कुठल्याही संस्थेच्या इतिहासात त्यांची नावे सहसा येत नाहीत. त्यांच्या हाताविना मात्र एकाही विद्यार्थ्याचे जर्नल सर्टिफाइड झाले नसते.

सहली हा त्या दशकाचा दुसरा ठेवा. बागलाणच्या पश्चिमेला महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला साल्हेर आहे, उंची १,५६७ मीटर. मांगी-तुंगी, मुल्हेर आणि पलीकडे डांगचे जंगल. पूर्वेला जावे तसा कोरडा पठारी मुलूख. एका दिवसाच्या सहलीत काटेरी बाभूळवनापासून पानगळीच्या जंगलापर्यंतचा बदल पायाखाली दिसतो. शहरातल्या महाविद्यालयाला यासाठी दोन मुक्कामांची सहल काढावी लागते. वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबलेल्या वनस्पती, त्यांवर लावलेल्या चिठ्ठ्या आणि टी. कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशावरून घातलेली नावे. हर्बेरियमचे काम असेच चालायचे. आपल्याच गोठ्यामागच्या झुडपाला एक लॅटिन नावही आहे, हे कळल्यावर विद्यार्थ्याची त्या झुडपाकडे बघण्याची नजर बदलते.

नव्वदीचे दशक: कांद्याचे मूळ

१९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाले आणि धुळे-जळगाव पुण्यापासून वेगळे झाले. नामपूर धुळे जिल्ह्याच्या सीमेजवळचे, पण नाशिक जिल्ह्यातले, म्हणून ते पुणे विद्यापीठाकडेच राहिले. सीमेपलीकडच्या साक्री तालुक्यातल्या मुलांचा अभ्यासक्रम वेगळा आणि अलीकडचा वेगळा, अशी स्थिती आली. दोन्हीकडची मुले मात्र अहिराणीच बोलत होती.

१९९१ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने नाशिक जिल्ह्याचा वनस्पतिकोश प्रसिद्ध केला. जिल्ह्याची स्वतःची नोंदवही हाती आल्यामुळे वनस्पती ओळखण्याचे काम अधिक खात्रीचे झाले. अभ्यासक्रमही बदलत होता. वर्गीकरण आणि शरीररचना यांच्या जोडीला पेशीशास्त्र, आनुवंशिकी आणि पुढे जैवतंत्रज्ञानाची ओळख आली.

पेशीविभाजनाचे प्रात्यक्षिक जगभर कांद्याच्या मुळावर करतात. मुळे चटकन फुटतात, टोके बोथट आणि भरदार असतात, पेशी मोठ्या असतात आणि गुणसूत्रे फक्त १६ असून ठळक दिसतात. शहरातली प्रयोगशाळा त्यासाठी बाजारातून कांदा आणते. नामपूरच्या मुलाच्या घरी कांद्याची चाळच भरलेली असते. कांद्याच्या जुन्या सुकलेल्या मुळ्या ब्लेडने खरवडून काढायच्या आणि पाण्याने भरलेल्या परीक्षानळीच्या तोंडावर तो बसवायचा, बूड पाण्याला टेकेल इतकाच. दोन-तीन दिवसांत पांढरी मुळे फुटतात. सकाळी त्यांची टोके कापून ॲसेटिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात टाकायची. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात थोडे गरम करून मऊ करायची, ॲसिटोकार्मिनचा थेंब द्यायचा, कव्हरस्लिप ठेवायची आणि टिपकागदावरून अंगठ्याने दाबायचे. दाब सरळ हवा, अंगठा जरा सरकला की पेशी गुंडाळल्या जातात आणि सगळी मेहनत वाया जाते. नीट जमले तर दहापटीच्या भिंगाखाली गुलाबी पेशींचा पडदा दिसतो. चाळीसपटीवर नेले की कुठे गुणसूत्रे मध्यरेषेवर रांगेत, कुठे दोन टोकांकडे निघालेली.

ज्या कांद्याच्या भावावर घराचे वर्ष ठरते, त्याच्या मुळात चाललेली ही हालचाल पाहिल्यावर विद्यार्थ्याला विषय परका वाटत नाही. पुस्तकातला धडा आणि घरची चाळ यांचा संबंध तिथेच जुळतो. याच दशकात, १९९४ मध्ये, कांदा व लसूण संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र नाशिकला सुरू झाले आणि १९९८ मध्ये ते राजगुरुनगरला गेले. निफाडच्या संशोधन केंद्राने दिलेले एन-५३ आणि एन-२-४-१ हे वाण तर शेतकऱ्याच्या ओळखीचे होतेच. ‘वाण’ म्हणजे नेमके काय, निवड कशी करतात, परागीभवन आवरायचे कसे, असे प्रश्न आता घरूनच वर्गात येऊ लागले.

एकविसाव्या शतकाचे पहिले दशक: तेल्या

कसमादे पट्ट्यात डाळिंबाने माणसे उभी केली आणि तेल्याने अनेकांना आडवे केले. भगव्या वाणाच्या बागा बहरात असताना फळांवर तेलकट काळसर डाग पडायचे, डाग फुटायचे आणि तोडणीला आलेला माल बांधावर टाकावा लागायचा. या रोगाचे कारण झान्थोमोनास गटातला एक जिवाणू. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये दिल्लीची. म्हणजे आपली संस्था जन्मली त्याच वर्षी शास्त्रज्ञांना हा रोग माहीत झाला होता, पण त्याने महाराष्ट्रातल्या बागांवर मोठा घाला घातला तो या दशकात. सोलापूरला डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ मध्ये निघाले, त्यामागे पिकाचा वाढता पसारा होता आणि हे संकटही.

पदवीच्या प्रयोगशाळेला या रोगावर औषध काढता येत नाही. रोग ओळखायला मात्र शिकवता येते, आणि ते थोडके नाही. डाग पडलेल्या पानाचा छोटा तुकडा, डागाची कड मध्ये येईल असा कापायचा. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवायचा आणि लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. डाग जिवाणूचा असेल तर कापलेल्या कडेतून धुरासारखा दाट लोट पाण्यात उतरताना दिसतो. तो लोट म्हणजे लाखो जिवाणू. डाग बुरशीचा असेल तर असा लोट येत नाही, बीजाणू शोधावे लागतात. कांद्याच्या जांभळ्या करप्यात ते लांब चोचीचे, आडव्या-उभ्या पडद्यांचे असतात. बहुतेक बुरशीनाशके जिवाणूवर चालत नाहीत, हे ज्याला कळले आणि तो लोट ज्याने डोळ्यांनी पाहिले तो विद्यार्थी घरी जाऊन वडिलांना चुकीच्या फवारणीपासून थांबवू शकतो. पाचशे-हजारांची बाटली वाचते, आणि जमिनीत व पाण्यात जाणारे विषही.

भारनियमनाची वर्षेही हीच. वीज नसताना इन्क्युबेटर थंड पडायचा, ऑटोक्लेव्ह अर्ध्यावर थांबायचा. तेव्हा जुन्या आरशाच्या सूक्ष्मदर्शकांनीच काम निभावले. त्यांना भंगारात न काढणाऱ्यांचे आभार. महाविद्यालयांचे नॅक मूल्यांकनही याच काळात सर्वत्र पोहोचले. नोंदी ठेवण्याची शिस्त त्यातून आली.

दुसरे दशक: ट्रे रिकामे झाले

प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सर्वांत मोठा बदल झाला तो विच्छेदनाचा. पिढ्यान्‌पिढ्या मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचून बेडूक आणि झुरळ उघडले गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१४ मध्ये ते थांबवण्यास सांगितले. जुन्या शिक्षकांना हा निर्णय जड गेला. हात तयार होणार नाहीत, ही त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. पण पावसाळ्यात बांधावर ओरडणारा बेडूक शेतातले किडे खातो, आणि त्याला प्रयोगशाळांसाठी पकडून विकण्याचा व्यवसाय चालू ठेवण्याचे कारण उरले नव्हते. आमचा कौल आयोगाच्या बाजूने आहे. प्रतिकृती, संगणकावरील विच्छेदन, कायमच्या काचपट्ट्या आणि जिवंत प्राण्याचे निरीक्षण यांवर प्रात्यक्षिके उभी राहिली. शेतातले फुलकिडे, मधमाशा, गांडुळे, मोसमच्या डोहातले सूक्ष्म प्लवक. जिवंत साहित्याला इथे कधीच तोटा नव्हता.

२०१४ मध्येच विद्यापीठाचे नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले. मुलींच्या शिक्षणासाठी झिजलेल्या सावित्रीबाईंचे नाव पदवीच्या कागदावर येणे बागलाणच्या मुलींसाठी विशेष आहे. खेड्यातून एस.टी.ने येऊन, दुपारची बॅच संपवून संध्याकाळच्या गाडीने परत जाणाऱ्या मुलींनी विज्ञान शाखेला बळ दिले. शेवटची गाडी चुकू नये म्हणून प्रॅक्टिकलच्या वेळा मागेपुढे करणारे शिक्षक खेड्यातल्या महाविद्यालयात भेटतातच. परिपत्रकात नसलेले हे शहाणपण आहे. २०१९ च्या अभ्यासक्रमाने श्रेयांकांची पद्धत आणली आणि प्रात्यक्षिकांचे गुण वर्षभर विभागले गेले.

सध्याचे दशक

कोरोनाच्या काळात वर्ग मोबाइलवर गेले. आभासी प्रयोगशाळांची चित्रे पाहून मुलांनी परीक्षा दिल्या, पण कव्हरस्लिप दाबणे पडद्यावर शिकता येत नाही. परत आल्यावर शिक्षकांना आणि परिचरांना दोन वर्षांच्या तुकड्यांचे हात नव्याने तयार करून घ्यावे लागले. ते त्यांनी केले.

२०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू झाले. क्षेत्रप्रकल्प आणि कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण आता अभ्यासक्रमाचा भाग आहे. शहरातल्या महाविद्यालयांना यासाठी जागा शोधाव्या लागतात. नामपूरच्या आसपास कांद्याच्या चाळी, डाळिंब-द्राक्षांच्या बागा, रोपवाटिका, दूध संकलन केंद्रे, हरणबारीचे पाणी आणि साल्हेरचा डोंगर हे सगळे आवाक्यात आहे. चाळीत कांदा का सडतो, कोणत्या बुरशीने, किती दिवसांनी आणि किती दमटपणात, एवढा एकच प्रश्न तीन वर्षांच्या तीन तुकड्यांनी नेटाने धरला तर तालुक्याला उपयोगी पडेल अशी नोंद तयार होईल. पुढे हीच मुले आविष्कार संशोधन स्पर्धेत किंवा होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या पदवी विद्यार्थ्यांसाठीच्या उपक्रमात उतरावीत, एवढी तयारी इथल्या शिक्षकांत आणि मुलांत आहे.

उणिवाही आहेत. चांगला कॅमेरा जोडलेला सूक्ष्मदर्शक आणि रोगनिदानासाठी लहानशी स्वतंत्र खोली मिळाली तर प्रयोगशाळेचा उपयोग महाविद्यालयाच्या भिंतीबाहेर होईल. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज शिक्षक आहेत, औषधनिर्मितीत आहेत, कृषी सेवा केंद्रे चालवतात, प्रगतिशील बागायतदार आहेत. त्यांच्याकडे दोन मागण्या आहेत. आपल्या घरी जुने जर्नल, हर्बेरियमचे कागद, सहलींची छायाचित्रे असतील तर अमृतमहोत्सवाआधी ती महाविद्यालयाकडे आणून द्यावीत, म्हणजे विभागाचा इतिहास कागदपत्रांनिशी पुरा होईल. आणि पुढच्या बहरात बागेत किंवा चाळीत अनोळखी डाग दिसला, तर फवारणीआधी ते पान, शेताचे नाव आणि तारीख लिहून, प्रयोगशाळेत पाठवावे.